एमआरपी रद्द केली तर ग्राहकाचा फायदा होईल का?

प्रश्न विचारणाऱ्याने खाली असंही लिहिलंय की दुकानदाराला हवा तो भाव लावू द्या, स्पर्धेने भाव आपोआप उतरतील, गिऱ्हाइकाला निवडीचं स्वातंत्र्य मिळेल, आणि भारत सोडून कोण छापतं पाकिटावर किंमत? बांगलादेशातही छापतात, एवढं आधी सांगून टाकतो. बाकीच्यासाठी जरा ऐसपैस बसावं लागेल. हाच प्रश्न आमच्या घरी दर दिवाळीला फराळाच्या ताटाबरोबर येतो आणि ताटं उचलली तरी उठत नाही.

आमचं नसरापूरला किराणा दुकान आहे. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, सुरू केलं, आता मी बघतो. मोठा भाऊ पुण्यात एका कंपनीच्या विक्री विभागात आहे. दादाचं मत अगदी तुमच्यासारखं: एमआरपी म्हणजे जुन्या समाजवादाचं शेपूट, कापून टाका. अण्णांचं मत: छापलंय तेवढंच घ्यायचं. माझं मत २०१२ च्या उन्हाळ्यात तयार झालं, आणि त्याचे पैसेही मीच भरले.

तेव्हा आम्ही दुधाच्या पिशव्या ठेवायचो. पहाटे साडेचारला टेम्पो क्रेट टाकून जायचा. कमिशन किती, तर रुपयात सांगायची लाज वाटावी इतकं. त्यात भारनियमन. सकाळी वीज गेली की दुपारपर्यंत पत्ता नाही, आणि संध्याकाळच्या गिऱ्हाइकाला पिशवी थंडच पाहिजे. फुटलेली पिशवी टेम्पोवाला बदलून द्यायचा, नासलेली नाही. नासली ती तुमच्या फ्रीजमध्ये, म्हणजे तुमची. महिनाअखेर हिशेब केला तर दुधात मिळालेले पैसे विजेच्या बिलाला आणि नासक्या पिशव्यांना पुरत नव्हते. मी संध्याकाळच्या पिशवीमागे एक रुपया जास्त घ्यायला लागलो.

अण्णा म्हणाले, "परवडत नसेल तर दूध बंद कर. रुपया घेऊ नको."

मी म्हणालो, दूध बंद केलं तर दुधासाठी येणारा माणूस ब्रेड, चहापावडर, काडेपेटी दुसरीकडून घेईल. ते गप्प बसले. अण्णा गप्प बसले म्हणजे पटलं नाही असं समजायचं.

तीन महिने कोणी काही बोललं नाही. खेड्यात रुपयावरून कोण बोलतो? मग हायवेलगतच्या नव्या बिल्डिंगमधले एक काका आले, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. "हा रुपया कशाचा?" मी म्हणालो, थंड ठेवण्याचा. "मग त्याची पावती द्या." मी म्हणालो, "काका, रुपयाची पावती कोण देतं?" दुकानात दोन-तीन जण होते, ते हसले. इथे माझं चुकलं. रुपया घेतल्याचं त्यांना फारसं लागलं नसेल, हसल्याचं लागलं.

पंधरा-वीस दिवसांनी दोन अनोळखी माणसं आली. एकाने पन्नासची नोट देऊन पिशवी घेतली, सुट्टे मोजले, पुन्हा मोजले, आणि मग खिशातून वजनमापे खात्याचं ओळखपत्र काढलं. पंचनामा झाला. काट्यावरचा पासिंगचा शिक्काही तपासला, तो चालू सालचा होता, कारण ते काम अण्णांकडे होतं. अण्णा सगळा वेळ स्टुलावर बसून होते. त्यांनी साहेबांना चहा विचारला, साहेबांनी नको म्हटलं. तडजोडीची, म्हणजे कोर्टात न जाता प्रकरण मिटवायची, जी सरकारी रक्कम भरावी लागली ती महिन्याभराच्या दुधाच्या कमिशनपेक्षा मोठी होती. पावती अजून गल्ल्याच्या तळाशी आहे. अण्णांनीच ठेवली. का ठेवली ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

आता मजा ऐका. तेच काका सुट्टीत नातवंडं आली की गवळ्याकडून म्हशीच्या दुधाचा रतीब लावतात. गवळ्याने लिटरमागे चार रुपये वाढवले आणि "पेंड महागली" म्हटलं की विषय संपला. त्या दुधात पाणी किती, फॅट किती, कोणी विचारत नाही. किटलीवर काही छापलेलं नसतं ना! जिथे छापलेलं नाही तिथे आपला माणूस व्यापाऱ्याचं ऐकून घेतो, जिथे छापलंय तिथे त्याला दुकानदार चोर दिसतो.

म्हणून सगळ्यांना एक गोष्ट समजावून सांगायची मला सवय लागली आहे. एमआरपी सरकार ठरवत नाही. औषधांच्या सरकारी यादीतल्या गोळ्या आणि अशा मोजक्या वस्तू सोडल्या तर पाकिटावर किती छापायचं हे कंपनीच ठरवते. दहाची वस्तू शंभरला छापली तरी वैधमापनाचा, म्हणजे वजनमापांचा, कायदा तिला विचारत नाही की दहाच का नाही. २०११ चे पाकीटबंद वस्तूंचे नियम किरकोळ दुकानदाराला एवढंच सांगतात की छापलंय त्याच्या वर जायचं नाही. म्हणजे बाजार मुक्त आहेच, कंपनीसाठी. नियंत्रण आहे ते शेवटच्या माणसावर, ज्याच्याकडे फ्रीज आहे आणि विजेचं बिल आहे.

अण्णा सांगतात, १९९० च्या आधी पाकिटावर किंमत असायची आणि शेजारी "स्थानिक कर वेगळे" असंही छापता यायचं. त्या तीन शब्दांवर किती दुकानदारांनी घरं बांधली! कर किती ते गिऱ्हाइकाला माहीत नसायचं, दुकानदार सांगेल तो कर. मग सगळे कर धरून एकच आकडा छापायचा नियम झाला. हे चांगलं झालं, यात वाद नाही. दादाही इथे वाद घालत नाही, तो दुसऱ्या बाजूने येतो.

त्याचा आवडता दाखला २०२२ चा. त्या वर्षी १८ जुलैपासून २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या तांदूळ, डाळ, पिठावर ५ टक्के जीएसटी आला. थोड्याच दिवसांत माझ्या दुकानात तांदळाचं २६ किलोचं पोतं आलं. दादा पोट धरून हसला. "बघ, तुझं सरकार रेघ मारतं, व्यापारी रेघेपलीकडे एक किलो उभा राहतो." हे मान्य आहे, मीच ते पोतं उतरवून घेतलंय.

पण "मुक्त सोडा" म्हणणाऱ्याने मार्च २०२० मध्ये माझ्या गल्ल्यावर बसायला हवं होतं. लॉकडाऊन जाहीर झाल्यावर घाऊकवाल्याने पहिल्याच आठवड्यात सुट्या तूरडाळीचा, साखरेचा, शेंगदाण्याचा भाव चढवला. मला चढवावाच लागला. रांगेत उभ्या माणसाला दुसरं दुकान नव्हतं, पोलीस पुढच्या चौकात होते, स्पर्धा कुठून आणायची? त्याच वेळी मिठाचा पुडा, साबण, चहापावडर जुन्याच किमतीला गेली. मी सज्जन म्हणून नाही, किंमत छापलेली होती आणि प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा होता म्हणून. सॅनिटायझरच्या २०० मिलीच्या बाटलीला शंभर रुपयांची मर्यादा केंद्राने तेव्हाच घातली होती, ती उगाच नाही. अर्थात बिस्किटं लवकर संपली, आणि तंबाखूच्या पुड्या गावात तिप्पट भावाने मिळत होत्या. अण्णांमुळे आम्ही तंबाखू ठेवत नाही, नाहीतर मी काय केलं असतं ते छातीवर हात ठेवून सांगत नाही. तल्लफ आली की छापलेलं कोण वाचतो?

तर काढून टाकू नका, हे झालं माझं अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं रागाचं आहे.

गुंजवण्याकडच्या एक मावशी शनिवारी माझ्याकडून पाण्याच्या बाटल्यांचा बॉक्स नेतात. एक लिटरच्या बारा बाटल्या, म्हणजे बारा किलो. तो डोक्यावर घेऊन त्या राजगड चढतात. तुम्ही नुसती सॅक घेऊन चोर दरवाजाने चढून बघा. वर पद्मावती माचीवर त्या वीस छापलेली बाटली चाळीसला देतात. पुण्याहून आलेली पोरं बाटलीवर बोट ठेवून "मावशी, हे बेकायदेशीर आहे" म्हणतात. कायद्याने पोरांचं बरोबर आहे. त्याच मावशींच्या लिंबू सरबताला आणि ताकाला कोणी हरकत घेत नाही, कारण त्यावर छापलेलं नाही.

आणि डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हॉटेल-रेस्टॉरंटला बाटलीबंद पाणी छापील किमतीच्या वर विकता येईल, कारण तिथे माणूस नुसती बाटली घ्यायला जात नाही, बसायची जागा, सेवा, वातावरण याचेही पैसे असतात. ठीक आहे. पद्मावती माचीवरून समोर तोरणा दिसतो, त्याला वातावरण म्हणायचं नाही का? मावशींच्या डोक्यावरून बाटली वर आली, ती सेवा नाही का? एसी पाहिजे एवढंच ना?

माझ्या दुकानातल्या दुसऱ्या फ्रीजचंही सांगतो, तुम्ही निवडीचं स्वातंत्र्य म्हणता म्हणून. काचेच्या दाराचा तो मोठा फ्रीज एका शीतपेयवाल्या कंपनीचा आहे. फुकट दिलाय, अट अशी की आत दुसऱ्या कोणाची बाटली दिसली नाही पाहिजे. एकदा मी गावातल्याच एका बाईंचं कोकम सरबत खालच्या कप्प्यात ठेवलं. कंपनीच्या पोराने फोटो काढला आणि साहेबाचा फोन आला, "फ्रीज उचलू का?" सरबत बाहेर काढलं. उन्हात ठेवलेलं सरबत कोण घेणार? ते बंद पडलं. गिऱ्हाईक दार उघडून "निवडतो" ते कंपनीने आधीच निवडलेलं असतं. हा नियम कुठल्या राजपत्रात छापलेला नाही, पण वजनमापेवाल्यांपेक्षा कडक आहे.

वजनाचंही तसंच. पूर्वी बिस्किटं, चहा अशा कितीतरी वस्तूंची पाकिटं ठरावीक वजनांचीच काढावी लागत. २०२१ च्या दुरुस्तीने ती यादी गेली आणि त्याऐवजी ग्रॅममागे किंमत छापायची असं आलं. दुकानात अजून एकाही गिऱ्हाइकाने मला ती ग्रॅममागची किंमत वाचून दाखवलेली नाही. पाचाचा पुडा पाचाचाच राहतो, आतलं बिस्कीट बारीक होत जातं. शिव्या मला बसतात.

आणि मॉल? महागाईच्या दिवसांत मी तेलाचे डबे पुण्याच्या मॉलमधून उचलून आणलेत, कारण तिथला विक्रीचा भाव मला वितरक देतो त्या भावापेक्षा कमी होता. छापील किंमत त्यांना आणि मला एकच, खरेदीचा भाव वेगळा. ही स्पर्धा म्हणायची असेल तर म्हणा. एमआरपी काढली तर तीच चालेल, फक्त गिऱ्हाइकाकडे ताडून बघायला आकडा राहणार नाही.

मला विचाराल तर छापील किंमत राहू द्यावी, पण थंड करायचे, वर चढवायचे, घरी पोचवायचे पैसे पाटी लावून वेगळे घेण्याची मुभा लहान दुकानदारालाही द्यावी. पाटीवर आकडा लिहिलेला असेल तर ज्याला नको तो गरम बाटली घेईल. यात लबाडी होणार नाही असं नाही. पाटी एक आणि घेणं एक असं करणारे माझ्या ओळखीचे आहेत. औषधांना तर ही मुभा मुळीच नको, तिथे आजारी माणूस घासाघीस करत नाही. आणि मी वकील नाही, दंड भरलेला दुकानदार आहे, माझ्या भरवशावर उद्यापासून रुपया लावू नका.

पाटीची कल्पना दादाला गेल्या दिवाळीत सांगितली. तो म्हणाला, "लोक देणार नाहीत रे. थंड करण्याचे पैसे कोण देतं?" त्याच्याच फ्लॅटवर बसलो होतो. तेवढ्यात वहिनींनी मागवलेलं दूध आलं, दहा मिनिटांत, मोबाईलवरून. बिल बघितलं. दूध छापील किमतीला. खाली पोचवण्याचे पैसे वेगळे, हाताळणीचे वेगळे, आणि छोट्या ऑर्डरचे आणखी वेगळे. दादाने एक अक्षर न बोलता भरले.

मी त्या बिलाचा फोटो काढून ठेवलाय. अण्णांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून सगळ्या ओळी वाचल्या आणि म्हणाले, "याने पावती दिली बघ."