जर्मनीला अर्ज करणाऱ्या मुलीस

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझी युनिव्हर्सिट्यांची यादी आईने पाठवली. लांबलचक आहे. आत्ता ती बाजूला ठेव आणि दहावीची मार्कशीट, कलाभवनातली इंजिनिअरिंगची मार्कशीट आणि पासपोर्ट शेजारी शेजारी मांडून फक्त नाव वाच. आपल्याकडे गुजरातेत मार्कशीटवर आधी आडनाव, मग तुझं नाव, मग बाबांचं. पासपोर्टात आडनावाचा रकाना वेगळा. त्यात शाळेने आपल्या मराठी आडनावाचं स्पेलिंग स्वतःच्या मनाने केलं असेल, तर बघायलाच नको. तिकडच्या कारकुनाच्या लेखी दोन स्पेलिंगं म्हणजे दोन माणसं. फरक दिसला तर दुरुस्तीला आत्ताच लाग. ॲफिडेव्हिटवर भागेल का, हे नोटरीला नको, जिथे कागद द्यायचा तिथेच विचार. अर्जात नाव पासपोर्टप्रमाणेच घाल.

दुसरं एपीएस, म्हणजे जर्मनीसाठी आपले कागद तपासून दिलेलं प्रमाणपत्र. भारतातल्या डिग्रीवर जर्मनीला शिकायला जायचं, तर १ नोव्हेंबर २०२२ पासून व्हिसासाठी हे प्रमाणपत्र लागतं. तुझे शैक्षणिक कागद खरे आहेत की नाहीत, एवढंच ते तपासतात, पण वेळ घेतात. हिवाळी सत्राची मुदत पुष्कळ ठिकाणी १५ जुलै असते, परदेशी मुलांसाठी कित्येकदा त्याच्याही आधी. म्हणून युनिव्हर्सिटीच्या हेड ऑफिसात ट्रान्सक्रिप्टचा, म्हणजे सगळ्या सत्रांच्या मार्कांच्या एकत्र उताऱ्याचा, अर्ज आधी टाक.

मार्कांना घाबरू नकोस. तिकडे १ सर्वांत चांगला आणि ४ म्हणजे काठावर पास. दहापैकी तुझे ८.२ धर, पास व्हायला ४ लागतात असं समज. दहातून ८.२ वजा केले, उरले १.८. त्याला सहाने (दहा वजा चार) भाग, तीनने गुण, एक मिळव: १.९. बाबांना आधीच समजावून ठेव, नाहीतर १.९ ऐकून घरात सुतक पडेल.

खरी मेख विषयांत आहे. अमुक गणिताचे इतके क्रेडिट, अमुक विषयाचे तितके, असं तिथले विभाग स्पष्ट लिहून ठेवतात आणि तेवढे भरले नाहीत तर चांगले मार्क असूनही अर्ज बाद करतात. नियम तिथल्या विभागाच्या प्रवेश-नियमावलीत असतात, रँकिंगच्या तक्त्यात नव्हे. एका कागदावर डावीकडे त्यांची अट, उजवीकडे तुझा विषय, क्रेडिट आणि सिलॅबसमधला मजकूर लिही. नाव वेगळं असलं तरी आतलं शिक्षण तेच असू शकतं, ते दाखवायचं काम तुझं. असा तक्ता केलास की ती लांबलचक यादी आपोआप पाच-सहावर येईल. पैसेही वाचतील: परदेशी मुलांचे अर्ज तपासून पुढे पाठवणाऱ्या युनि-असिस्ट या संस्थेमार्फत पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाला ३०.

शिफारसपत्रासाठी सरांकडे गेलीस की ते म्हणतील, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ आपल्याकडची ही जुनी रीत मला मुळीच पसंत नाही. स्वतःचं कौतुक स्वतः लिहिलं की सगळ्यांचं एकसारखंच होतं. त्याऐवजी अर्ध्या पानाचं टिपण दे: त्यांच्या हाताखाली कोणता प्रोजेक्ट केलास, कुठे अडलीस, त्यांनी काय सुचवलं. त्यावरून चार ओळी का होईना, ते स्वतः लिहितील. पत्र कॉलेजच्या ईमेलवरून जाऊ दे.

एसओपीत, म्हणजे हाच कोर्स का करायचा ते सांगणाऱ्या तुझ्या निवेदनात, ‘लहानपणापासून यंत्रांची आवड’ असलं काही नको. तोच प्रोजेक्ट सांग.

आता पैसे. ब्लॉक्ड अकाउंटची, म्हणजे तिथल्या राहण्याच्या खर्चासाठी आधीच खात्यात भरून ठेवायची आणि दरमहा थोडी थोडी मिळणारी, रक्कम सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो झाली, म्हणजे महिन्याला ९९२. भरण्याआधी ताजा आकडा बघ. फी नसते असं सरसकट धरू नकोस, बाडेन-वुर्टेंबर्ग राज्यात आपल्यासारख्यांना सत्राला १,५०० युरो पडतात. कर्जाचे, स्कॉलरशिपचे कागद शेवटच्या पानापर्यंत वाच. १९१३ साली बाबासाहेबांना आपल्याच बडोदा संस्थानाने कोलंबियाला पाठवलं, तेव्हाही परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याचा करार होताच.

आणि अलकापुरीतला तो कन्सल्टंट ‘सगळं फुकट करतो’ म्हणाला ना? त्याला कमिशन कोणत्या कॉलेजांकडून मिळतं, एवढं सरळ विचार. उत्तर द्यायला त्याने टाळाटाळ केली तर चहा पिऊन परत ये.

रविवारी तो तक्ता घेऊन घरी ये. कागदावर हवा, मोबाईलवर मला दिसत नाही.

तुझी,
मावशी