आबांच्या पदकांना कुंकू का लावतो

रेवा बाळा,

खंडेनवमीला पाटावर सुरी, कात्री, माझा लॅपटॉप आणि आबांची पदकं मांडली तेव्हा तू विचारलंस, "आई, आबांनी तिथे माणसं मारली असतील तर आपण याला कुंकू का लावतो?" आणि मग म्हणालीस की तुझ्या तमिळ मैत्रिणीची अम्मम्मा, म्हणजे आजी, १९८७ मध्ये श्रीलंकेत जाफन्यात होती, इंडियन आर्मीचं नाव निघालं की ती अजून खोलीतून उठून जाते. लागलं मला ते. राग नाही आला, पण लागलं. तोंडी उत्तर दिलं असतं तर नुसती आबांची बाजू घेत बसले असते, म्हणून लिहितेय.

आबांनी कुणाला मारलं का हे मला माहीत नाही. ते मराठा लाइट इन्फंट्रीत होते, पायदळात, त्यामुळे "नसेल गं मारलं" असं मी तुला सांगणार नाही. आमच्या घरात हे कधी कुणी विचारलंच नाही. आबा सुट्टीवर आले की अर्धं गाव कँटीनच्या बाटलीसाठी यायचं आणि अर्धं गोष्टी ऐकायला, पण गोष्टी म्हणजे बर्फ, हत्ती, पंजाबी साहेब असल्याच. लढाईचं कुणी खोदून विचारत नव्हतं, आबाही सांगत नव्हते.

आणि फौजेत गेले ते काही झेंडा बघून गेले नाहीत गं. पाच भाऊ आणि थोडीशी कोरडवाहू जमीन, पाऊस नाही आला तर तीही नाही. साताऱ्याकडे भरती म्हणजे नोकरी. आपल्या गावाजवळचं अपशिंगे, नावातच मिलिटरी आहे त्याच्या, तिथे पहिल्या महायुद्धात गेलेल्या ४६ जणांच्या आठवणीचा दगड आहे, इंग्रजांनी बसवलेला. तेव्हा मराठा पलटणी मेसोपोटेमियात होत्या, म्हणजे आताच्या इराकात, तुर्कांनी कुत शहराला घातलेल्या वेढ्यात उपाशी राहून १९१६ मध्ये शरण गेलेल्यांतही आपली माणसं होती. त्यांना त्या युद्धाबद्दल कुणी विचारलं होतं? लहानपणी त्या दगडापुढे मी नुसता नमस्कार करायचे. आता वाटतं, एवढी माणसं कुणासाठी गेली हेही कुणीतरी मला सांगायला हवं होतं.

१९८७ ची दिवाळी मला स्वच्छ आठवते. जुलैच्या शेवटी राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांचा करार झाला आणि शांतिसेना म्हणून आपली फौज श्रीलंकेत गेली. शांतिसेना म्हटल्यावर आजी निर्धास्त होती. ऑक्टोबरमध्ये वाघांशी, म्हणजे वेगळं तमिळ राज्य मागणाऱ्या एलटीटीईशी, लढाई सुरू झाली आणि मग रोज सकाळी पुणे आकाशवाणीच्या बातम्यांना घरात कुणी बोलायचं नाही. पोस्टमनची सायकल गल्लीत वळली की आजी हातातलं काम टाकून उंबऱ्यात उभी राहायची आणि तो पुढे गेला की परत कामाला लागायची, कारण तार येण्यापेक्षा काहीच न येणं बरं. तिने करंज्या केल्या, आबांच्या वाटणीच्या डब्यात भरून ठेवल्या, त्या डब्याला आम्ही हात लावायचा नाही. नरकचतुर्दशीला आम्ही पहाटे उटणं लावून आंघोळी केल्या.

त्याच दिवशी, २१ ऑक्टोबरला, जाफन्याच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर, नर्सेस, पेशंट मारले गेले. सैन्याचं म्हणणं होतं की ते गोळीबारात सापडले, वाचलेल्यांनी वेगळंच सांगितलं. त्यांचीही दिवाळी होती त्या दिवशी. मला हे इथे कॅनडात आल्यावर कळलं, स्कारबरोमधल्या एका बाईंकडून, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. आबा तेव्हा तिथे जवळपास होते का हे मला ठाऊक नाही आणि मला ते जाणून घ्यायची भीती वाटते, हे तुला सांगायला हरकत नाही आता.

आबा एकदाच बोलले होते, तेही माझ्याशी नाही, मामाशी. "ऑगस्टमध्ये ज्यांनी हार घालून शहाळी पाजली, ऑक्टोबरमध्ये त्यांच्याच दारात..." एवढं म्हणून उठले आणि गोठ्यात गेले.

अकराशेच्या वर जवान मेले तिथे. साधी तमिळ माणसं तर हजारांनी मेली, त्यांना दोन्हीकडून मार. शेवटची तुकडी मार्च १९९० मध्ये मद्रासला उतरली तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. आमच्याकडे सगळे चिडले होते. आज वाटतं, त्यांच्या लोकांवर जे गुदरलं ते बघता त्यांनी तरी काय करायचं होतं, आणि तरी बोटीतून उतरणाऱ्या शिपायाचा त्यात काय दोष, ही दोन्ही वाक्यं मला एकाच वेळी खरी वाटतात.

आपल्या लोकांचं प्रेमही बघ ना कसं असतं. १५ ऑगस्टला स्टेजवर शाल-नारळ, आणि रिटायर झाल्यावर तेच आबा एका कंपनीच्या गेटवर रात्रपाळीला, साहेबाची पोरं त्यांना "ए वॉचमन" म्हणायची. आमच्या शेजारच्या काकूंचे मिस्टर श्रीलंकेतच गेले. भाषणात त्या वीरपत्नी, आणि संक्रांतीला त्यांना कुणी हळदीकुंकवाला बोलवायचं नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय. कोल्हापूरकडच्या हेरवाडने २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून विधवांच्या या असल्या प्रथा बंद केल्या तेव्हा पहिल्यांदा मला त्या काकू आठवल्या. एवढा मान देतो म्हणायचं आणि त्या बाईला काय वाटतं ते एकदाही विचारायचं नाही. मला आता असं वाटायला लागलंय की फौजी घरांचा उदोउदो जितका मोठा, तितकं त्या घरातल्यांना काही बोलणं अवघड होतं. आबांना "कसं होतं तिथे" असं कुणी खाली बसून विचारलं असतं तर ते कदाचित बोलले असते.

तर कुंकू कशाला. माझ्यापुरतं सांगते, मी त्या लढाईला लावत नाही. आजी उंबऱ्यात उभी राहायची आणि ते परत आले, त्याला लावते. पण अम्मम्मांच्या घरी ते पदक ठेवलं तर त्यांना ते तसं दिसणार नाही, आणि त्यांना तसं दिसावं असं म्हणायचा मला काही हक्क नाही. तू नोव्हेंबरमध्ये युद्धात गेलेल्या सैनिकांच्या आठवणीसाठी शाळेत पॉपीचं फूल लावतेस तेव्हाही हाच प्रश्न विचार, फक्त आपल्याच घराला नको, एवढीच माझी मागणी आहे. पुढच्या वर्षी तू पूजेला नाही बसलीस तरी चालेल, खरंच चालेल, मी तोंड पाडून बसणार नाही.

मावशीकडे आबांची त्या वर्षांतली पत्रं आहेत, केअर ऑफ ५६ एपीओ, म्हणजे फौजेच्या पोस्टाच्या पत्त्याची. आजीने ती कुणाला वाचू दिली नव्हती. मावशी फोटो काढून पाठवते म्हणालीये. आबांचं अक्षर जरा किचकट आहे, तुला एकटीला लागणार नाही. शनिवारी तुझी प्रॅक्टिस झाली की बसू दोघी, आणि त्यात जे असेल ते तुझ्यापासून लपवणार नाही.

आई