पहिल्यांदाच कच्छचं रण बघायला जाताय?

मग डिसेंबर-जानेवारीच धरा, कारण पावसाळ्यात तिथे समुद्राचं आणि नद्यांचं पाणी भरतं, ते आटत आटत जातं तेव्हा कुठे मीठ वर येतं, ऑक्टोबरात गेलात तर बऱ्याचदा नुसता चिखलच. भुजपासून धोरडो, म्हणजे पांढऱ्या रणाच्या कडेचं गाव, साधारण 80 किमी, रणात जायचं परमिट आधीच ऑनलाइन काढा. पौर्णिमा साधली तर सोन्याहून पिवळं! दुपारी मात्र गॉगल हवाच, डोळे अक्षरशः दिपतात. आणि प्लीज, कडेला सेल्फी काढून परत फिरू नका हो, जरा आत चालत जा, खाली बसून मिठाचे ते बारीक चौकोनी खडे बघा, फक्त पाय जपून टाका, वरून टणक दिसलं तरी खाली चिखल असतो. काळो डुंगर हा जवळचा डोंगर पण कराच, रणाचा खरा आवाका तिथूनच कळतो.