मुलगा मराठीत उत्तर देत नाही

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मुलगा ११ वर्षांचा आहे. त्याला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतच देतो. रविवारच्या मराठी शाळेत जायला कुरकुरतो. नाशिकहून सासूबाईंचा फोन आला की दोन वाक्यांत आटोपतो, त्यांना फार लागतं ते. शाळा बंद करावी का?
– एक वाचक

उत्तर: शाळा बंद करू नका. पण मराठीचं सगळं काम तिच्यावर टाकून मोकळ्याही होऊ नका.

मी तंजावरकर मराठी घरातली, जन्म आणि नोकरी दोन्ही चेन्नईत. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांच्या मागोमाग तंजावरला गेलेल्यांपैकी आमचं घराणं. १८५५ मध्ये राज्य खालसा झालं आणि दरबारची मराठी संपली. बृहदीश्वराच्या देवळात सरफोजीराजांनी कोरवून घेतलेला भोसल्यांचा मराठी इतिहास आहे, तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागद आहेत. पण आमच्यातल्या कित्येकांना देवनागरीसुद्धा धड वाचता येत नाही. तरी घरात मराठीच बोलतो आम्ही.

आमची आजी भाजीवाल्याशी, शेजारणीशी अस्खलित तमिळ बोलायची. आमच्याशी कधीच नाही. डांगर पच्चडीसाठी उडदाचं पीठ दह्यात कालवायला आम्हाला जवळ बसवायची. हिंग किती, मीठ कधी, मोहरी तडतडली की पुढे काय, सगळं मराठीत. आम्ही तमिळमध्ये विचारलं तरी उत्तर मराठीत यायचं, आवाज न चढवता. पुण्याहून आलेले पाहुणे आमच्या बोलण्याला हसले, तर ते मात्र तिला खपत नसे.

मॉरिशसमध्ये उलट झालं. कोकणातून उसाच्या मळ्यांवर गेलेल्यांच्या वंशजांना तिथे सरकारी शाळेत मराठी शिकता येतं, गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते, झाकरी हे लोकनृत्य अजून रंगतं. पण बहुतेक घरांत बोलतात तिथली क्रिओल भाषा. शाळा नसती तर एवढीही मराठी उरली नसती, हे खरंच. तरी रोजचं बोलणं शाळेच्या हातात नसतं.

म्हणून सासूबाईंनाच कामाला लावा. ‘कसा आहेस, जेवलास का’ याला दोन वाक्यांपलीकडे कुणीही काय बोलणार? व्हिडिओ कॉलवर नातवाला थालीपीठ शिकवायला सांगा. कांदा किती बारीक, पीठ सैल झालं तर काय करायचं, हे त्याला त्यांनाच विचारू दे. पीठ मळून होईपर्यंत तुम्ही स्वयंपाकघरात थांबू नका, नाहीतर दुभाषाचं काम तुमच्याकडे येईल. तवा तापवायची वेळ आली की मात्र आत जा. आणि सासूबाईंना आधीच सांगून ठेवा, त्यांनी इंग्रजीत उत्तर द्यायचं नाही.

तो ‘माझा पुस्तक’ म्हणाला तर अडवू नका. ‘तुझं पुस्तक टेबलावर आहे’ एवढंच म्हणा, कान आपोआप तयार होतो. पाहुण्यांसमोर ‘मराठीत बोलून दाखव बरं’ असं तर कधीच म्हणू नका. अशा फर्माइशींनी चांगली बोलणारी मुलंसुद्धा गप्प झालेली मी पाहिली आहेत, आणि मला त्याचा फार राग येतो.

रविवारची शाळा त्याला वाचता-लिहिता येण्यासाठी हवी. तुमच्या राज्यात दोन भाषांत प्रावीण्य दाखवणाऱ्या विद्यार्थ्यांना हायस्कूल संपताना तसा शिक्का (‘सील ऑफ बायलिटरसी’) मिळतो. मराठीसाठी काय सोय आहे, ते त्याच्या शाळेच्या समुपदेशकांना आत्ताच विचारून ठेवा.