युद्धपटात शत्रूने त्याच्या भाषेत बोलावं की आपल्या? आणि इतिहास बदललेला चालतो का?

तुम्ही विचारलंय की जर्मन माणसाने जर्मनच बोललं पाहिजे का, एवढी मारकाट कशाला, आणि हिटलरला थेटरात मारणं म्हणजे इतिहासाची थट्टा नाही का. यातल्या पहिल्या प्रश्नावर आमच्या दाजींशी माझं जुनं भांडण आहे, म्हणून लिहायला बसलो.

जर्मन जर्मनच बोलला पाहिजे. डब केलेला युद्धपट बघूच नये.

दाजी पुण्याचे. त्यांचं एकच पालुपद, "पिक्चर बघायचा की वाचायचा?" आमच्या बेळगावच्या घरी 'इनग्लोरियस बास्टर्ड्स' (२००९) लावला होता. पहिल्याच प्रसंगात फ्रान्समधल्या एका शेतकऱ्याचं घर, आणि जमिनीच्या फळ्यांखाली लपलेलं ज्यू कुटुंब. लांडा नावाचा जर्मन अधिकारी दूध पीत फ्रेंचमध्ये गोडगोड बोलत असतो. मग म्हणतो, माझं फ्रेंच इथे संपलं, आता इंग्रजीत बोलू. दाजी लगेच म्हणाले, "बघ, अमेरिकनांनाही वाचायचा कंटाळा येतो, म्हणून ही युक्ती." पुढे कळतं की फळ्यांखालच्या लोकांना इंग्रजी येत नाही, म्हणूनच तो इंग्रजीत शिरलाय. शेतकऱ्याकडून लपलेल्यांची जागा वदवून घेतो, मग परत फ्रेंचमध्ये येऊन निरोप घेतल्याचं नाटक करतो, आणि बंदुका घेऊन शिपाई आत येतात. आता हेच सगळं हिंदीत डब करा. मग खाली लपलेले काय बहिरे होते?

दाजी म्हणाले, "ते ठीक आहे रे, पण खऱ्या आयुष्यात असं कोण करतं?"

बेळगावात बसून हे विचारत होते!

दुसऱ्या दिवशी त्यांच्या आईसाठी साडी घ्यायला आम्ही दोघं बेळगावातल्याच शहापूरला गेलो. ताई बरोबर नव्हती, नाहीतर पुढचं काही घडलंच नसतं. मालक मराठीत अगदी लाघवी. "या साहेब, बसा, चहा सांगतो." गादीवर साड्यांचा ढीग पडला. दाजींनी एक मरून रंगाची, बारीक काठाची उचलली आणि भाव विचारला. शिडीवरच्या पोऱ्याने मालकाकडे बघितलं. मालक हातातल्या साडीची घडी मोडता मोडता, चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून, कन्नडात म्हणाला, "एरड साविर हेळ." दोन हजार सांग. पोऱ्याने मराठीत दोन हजार सांगितले. मला सगळं कळत होतं. मी गप्प चहा पीत राहिलो. दाजींनी घासाघीस करून सतराशेवर आणली आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू किल्ला सर केला. तेव्हा मी मालकाला कन्नडात विचारलं, खरा भाव काय तो सांगा. तो जराही ओशाळला नाही, मोठ्याने हसला आणि तेराशेला दिली. त्याची घरची भाषा कोणती ते मला आजही ठाऊक नाही. आमच्याकडे गल्ल्यावर बसणाऱ्याला तीन-चार भाषा येतातच.

दाजी चिडले, पण माझ्यावर. "तुला कळत होतं तर आधी का नाही बोललास?" म्हटलं, कालचा सीन परत दाखवत होतो.

'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' (१९९८) मध्ये फ्रान्सच्या ओमाहा किनाऱ्यावर हात वर करून आलेल्या, जर्मन गणवेशातल्या दोघांना अमेरिकन सैनिक गोळ्या घालतात आणि वर हसतात. ते दोघं चेक भाषेत सांगत असतात की आम्ही जर्मन नाही, आम्ही कुणाला मारलं नाही. सबटायटल मुद्दाम दिलेलं नाही. मारणाऱ्याला कळत नाही आणि आपल्यालाही नाही. मारकाट कशाला, याचं माझं उत्तर हेच. रक्त किती सांडलं यापेक्षा मला हा प्रसंग जास्त लागतो. आमचे मामा मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले. पडद्यावरच्या आतड्यांनी ते विचलित होत नाहीत. गोळी लागलेला हिरो भाषण ठोकत मरायला लागला की मात्र उठून अंगणात जातात.

राहिला इतिहास. हिटलरने ३० एप्रिल १९४५ ला बर्लिनच्या बंकरमध्ये स्वतःला संपवलं, हे शाळकरी पोरालाही माहीत असतं. 'बास्टर्ड्स'ने त्याला पॅरिसच्या थेटरात मारला तर कोण फसणार? उलट आपला 'बॉर्डर' (१९९७) घ्या. त्यात सुनील शेट्टीने केलेले भैरोंसिंग लोंगेवालात शहीद होतात. खरे भैरोंसिंग राठोड डिसेंबर २०२२ पर्यंत जिवंत होते. ही थाप कुणाला थाप वाटत नाही, म्हणून ती जास्त वाईट. मामांचा राग आणखी वेगळा. लांडाचा पिक्चर घडतो त्याच १९४४ च्या उन्हाळ्यात, १० जुलैला, इटलीत नाईक यशवंत घाडगे यांना वीरमरण आलं आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते मराठा पलटणीचेच. इटलीवरच्या इंग्रजी पिक्चरमध्ये असा माणूस मामांना अजून दिसलेला नाही.

आता एवढं बोललो तरी 'व्हेअर ईगल्स डेअर' (१९६८) मला तोंडपाठ आहे, आणि त्यात जर्मन मजेत इंग्रजी बोलतात. जर्मन गणवेशातले कमांडो जर्मनांच्या गर्दीत खुशाल बसतात, उच्चारावरून कुणी पकडत नाही. निव्वळ धमाल म्हणून चालतं. पण त्याच्यानंतर 'बास्टर्ड्स'मधला तळघरातल्या गुत्त्याचा प्रसंग बघा. तिथे जर्मन वेशातल्या ब्रिटिश अधिकाऱ्याचा जर्मन उच्चार आधी खटकतो, आणि मग तीन ग्लास मागताना तो अंगठा मिटून मधली तीन बोटं दाखवतो (जर्मन माणूस अंगठ्यापासून मोजतो) तिथे त्याचा कारभार आटोपतो. लहान पोरं घरात असतील तर मात्र हा पिक्चर लावू नका, डोक्याची कातडी सोलतात त्यात.

आणि दाजी, वाचत असाल तर ऐका. सेटिंगमध्ये ऑडिओ 'ओरिजिनल' करा. अक्षरं बारीक वाटत असतील तर ती मोठी करायची सोयही तिथेच आहे.