टिकली ओरडली की घरात काय होतं?

"आमचं मांजर हल्ली सारखं ओरडतंय, पाठ सोडत नाही, काय झालं असेल?" हा प्रश्न घेऊन माझ्याकडे थेट कुणी येत नाही. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत लोक येतात ते झोप होत नाही, घरात कटकटी वाढल्यात, मुलं परगावी गेल्यापासून करमत नाही म्हणून. मांजर निघतं ते अर्ध्या तासाने, जरा ओशाळून. "मॅडम, हसू नका हं, पण..." असं कुणी म्हणालं की मी ओळखते. इतक्या जणांकडून हे ऐकलंय की आता एकदा लिहूनच टाकते. त्यातल्या एका घराची ही गोष्ट. नावं बदलली आहेत, मांजराचंसुद्धा.

शोभाताई शिवाजी पेठेतल्या. यजमान साखर कारखान्याच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले, सासूबाईंनी ऐंशी ओलांडलेली. एकुलती मुलगी जूनमध्ये नोकरीसाठी पुण्याला गेली आणि तिची टिकली मागे राहिली. टिकली म्हणजे कपाळावर काळा ठिपका असलेली पांढरी, चार वर्षांची साधी गावठी मांजरी. मुलगी असेपर्यंत तिचा आवाज शेजाऱ्यांना माहीत नव्हता. आता पहाटेच सुरू होत होती आणि दिवसभर शोभाताईंच्या पायात.

"मी आंघोळीला गेलो तरी दाराबाहेर बसून वरडते. बसलो की मांडीवर, उठलो की मागं. पोरीची आठवण येतेय तिला, दुसरं काय?"

यजमानांचं मत वेगळं होतं. "लाडानं डोक्यावर बसलीय." आणि सासूबाईंचा निरोप शोभाताईंनी त्यांच्याच सुरात सांगितला, "रातचं मांजर रडतंय, बरं न्हवं. सोडून या कुठंतरी रंकाळ्याच्या पलीकडं." तीन माणसं, तीन निदानं. भांडण खरं तर इथे होतं.

मांजराचं पहिलं काम मात्र माझ्याकडे नसतं. "पशुवैद्यांना दाखवलंत?" हे विचारल्याशिवाय मी पुढे जात नाही. ताराबाई पार्कातल्या एका बाईंचं तेरा वर्षांचं मांजर रात्री घसा फोडून ओरडायचं, खायचं दुप्पट आणि तरी वाळत चाललेलं. बाई म्हणत होत्या, म्हातारपणी हट्टी झालंय. रक्त तपासल्यावर थायरॉइड वाढलेलं निघालं. औषध सुरू झालं आणि माझी गरजच उरली नाही. दहाच्या पुढच्या मांजरांत हा आजार बऱ्यापैकी आढळतो. रक्तदाब, मूत्रपिंडाचा त्रास, दुखरे सांधे, कमी ऐकू येणं, म्हातारपणीचा विसराळू गोंधळ, या सगळ्यांत मांजर ओरडतं, त्यातही रात्री जास्त. तरुण मांजरी लोळत, शेपूट बाजूला करून, अंगाला घासत ओरडत असेल तर ती माजावर आलीय. हे साधारण आठवडाभर चालतं आणि गाभण राहिली नाही तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा सुरू होतं. नसबंदी हाच त्यावरचा उपाय, समुपदेशन नव्हे. आणि बोका लघवीच्या जागी जोर लावून ओरडतोय, पण थेंबही उतरत नाही, असं दिसलं तर कुणाचा लेख वाचत बसू नका. मूत्रमार्ग तुंबलेला बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो. त्याला त्याच तासाला दवाखान्यात न्या.

टिकलीची नसबंदी झालेली होती. वजन, दात, पोट सगळं ठीक, असं डॉक्टरांनी सांगितलं. मग मी शोभाताईंना एक वही घालायला सांगितली. टिकली किती वाजता ओरडली ते एका बाजूला, आणि *त्यानंतर लगेच घरात कुणी काय केलं* ते दुसऱ्या बाजूला. का ओरडली ते लिहायचं नाही. ही अट महत्त्वाची, कारण ‘का’ लिहायला गेलं की वहीतही तेच भांडण उतरतं.

हे काम यजमानांनी उचललं. हिशेब खात्यातला माणूस, त्यांनी पट्टीने रकाने आखले. पुढच्या खेपेला दोघं एकत्र आले आणि वही माझ्यापुढे न ठेवता स्वतःच वाचू लागले. "चार वाजून पाच, हिनं उठून खाणं दिलं. सहा वीस, मी ‘गप बस’ म्हणालो. नऊ, आईनं काठी आपटली. साडेनऊ, हिनं जवळ घेतलं. अकरा, कोण काय केलं नाही. अकरा दहा, परत वरडली, हिनं दुधाची वाटी लावली." मग मागची पानं चाळत ते थांबले. "हे बघा की. पहिल्या दिवशी सहाला सुरू झालती. मग साडेपाच. मग पाच. आता चार. आपण उठतोय तशी ही अलीकडं सरकतेय."

खोलीत थोडा वेळ कुणी बोललं नाही. शोभाताईंनी वही हातात घेतली, बोट रकान्यावरून खाली नेलं.

"म्हणजे आम्ही तिला उत्तर देत नाही असं नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "सगळेजण देतोय. पण प्रत्येकजण वेगळं."

"आणि मी?" यजमान म्हणाले. "मी तर काय देत न्हाई तिला. नुसतं गप बस म्हणतो."

"तिच्याकडे बघून म्हणता?" मी विचारलं.

"बघूनच. आता भिंतीकडं बघून कोण वरडतंय का?"

मग तेच हसले. पहाटेच्या अंधारात माणूस उठतो, दिवा लावतो, तिच्याकडे वळून बोलतो. मांजराच्या दृष्टीने ही भेटच. शिवी होती की लाड, हा तपशील तिच्या कामाचा नाही.

हे मला सांगावं लागलं नाही, त्यांच्या वहीने त्यांच्याकडून काढून घेतलं, याचं मला आजही बरं वाटतं. मी जुन्या पंथाची आहे. मनात काय चाललंय याचे अंदाज बांधण्याआधी कृतीनंतर काय होतं ते पाहावं, हे बी. एफ. स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाकडून शिकले. हल्ली स्किनर म्हटलं की लोक नाक मुरडतात, माणसांना कबुतरांच्या मापाने मोजतो म्हणून. पण त्याची कबुतरं या घराबद्दल बरंच सांगून जातात. दर टोचीला दाणा मिळायचा ती दाणा बंद झाल्यावर लवकर थांबली. कधी मिळायचा, कधी नाही, ती टोचतच राहिली. अकराला कुणी लक्ष दिलं नाही आणि अकरा दहाला दूध मिळालं, यातून टिकली काय शिकली? दहा मिनिटं जास्त ओरडायचं.

त्यातही म्यांव हा आवाज मांजरं राखून ठेवतात तो आपल्यासाठी. पिल्लं आईला हाक मारतात, पण मोठी मांजरं एकमेकांशी फारसं म्यांव करत नाहीत; त्यांचं काम वासावर, शेपटीवर, अंग घासण्यावर चालतं. म्हणजे आजार किंवा माज नसताना हा आवाज वाढला असेल तर तो वाढवण्यात समोरच्या माणसाचा हात बहुतेक असतोच.

आणि चिकटणं? शोभाताईंना वाटत होतं, पाठ सोडत नाही म्हणजे जीव जास्त लावलाय. 2019 साली अमेरिकेत ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीत मांजराच्या पिल्लांवर एक प्रयोग झाला. अनोळखी खोलीत दोन मिनिटं माणसाबरोबर, दोन मिनिटं एकटं, मग माणूस परत. सुमारे 64 टक्के पिल्लं माणूस परत आल्यावर त्याला भेटून पुन्हा आपल्या उद्योगाला लागली. ज्यांना खात्री नव्हती त्यांच्यातली काही माणसाला सोडेचनात. मला हे फार पटलं, कारण माणसांच्या घरातही हेच बघते. ज्याला खात्री असते तो खेळायला जातो. मुलगी गेल्यावर टिकलीचं माणूस गेलं हे खरंच, पण त्याबरोबर तिच्या जेवणाची वेळ गेली, रात्रीचा खेळ गेला, झोपायची जागा गेली. पुढचं काय कधी होईल हे तिला कळेनासं झालं, तेव्हा तिने एका माणसावर पहारा बसवला.

मग ठरवलं ते साधं होतं. खाणं रोज त्याच चार वेळांना, वाटी यजमानांच्या हाताने, म्हणजे सगळा भार शोभाताईंवर नको. रात्री साडेनऊला पंधरा मिनिटं दोरीला बांधलेलं पीस फरफटवायचं, शेवटी तिला ते पकडू द्यायचं आणि लगेच दिवसाचं शेवटचं खाणं. शिकार, जेवण, अंग चाटणं, झोप, हा मांजराचा मूळचा क्रम आहे; तो रात्री पूर्ण झाला की पहाट लांबते. पहाटेचं खाणं घरातलं कुणी उठल्यावर लगेच द्यायचं नाही, अर्ध्या तासाने द्यायचं, म्हणजे ‘माणूस उठवला की वाटी’ हे गणित तुटतं. दूध बंद. बऱ्याच मोठ्या मांजरांना ते पचत नाही. कोल्हापुरात, जिथे माणसं गंगावेशीत म्हशीच्या धारेखाली पेला धरून पितात, तिथे हे सांगायला धाडस लागतं. सासूबाईंनी अजून मला माफ केलेलं नाही.

सगळ्यांत महत्त्वाचं काम शोभाताईंचं. टिकली गप्प बसलेली, खिडकीत ऊन खात असलेली दिसली की स्वतःहून जाऊन हाक मारायची, कुरवाळायचं. ओरडताना नाही, आणि तेव्हा रागवायचंही नाही. आपण बहुतेक घरांत उलटं करतो. शांत मांजर दिसत नाही, शांत मूलही दिसत नाही.

पहिल्याच दिवशी मी बजावलं होतं की आधी वाढेल. नेहमीचा आवाज चालेना झाला की मांजर मोठा आवाज काढून बघतं. चौथ्या रात्री शोभाताईंचा मेसेज आला, "उठू काय?" मी लिहिलं, "नको." त्या रात्री कुणीही उठलं असतं तर टिकलीला आवाजाची नवी पट्टी कळली असती. लोकांचं मोडतं ते नेमकं इथे. उपाय चुकला असं वाटून ते सोडतात, तेही सगळ्यांत मोठ्या आवाजाला उत्तर देऊन. तिसऱ्या आठवड्यापर्यंत पहाट सहावर परतली. आंघोळीच्या दाराबाहेर ती अजून बसते, पण गप्प.

शेवटच्या भेटीत शोभाताईंनी विचारलं, "दिवाळीला पोरगी येणार. मग?"

"येऊ दे. वाटी तुमच्या यजमानांच्याच हातात राहू दे, खेळ त्याच वेळेला. तिने पाहिजे तर पीस धरावं. जाताना दारात टिकलीला मिठी मारून रडारड नको. आणि ती गेल्यावर दोन-चार रात्री आवाज येईल, तो धरून चाला."

यजमान मध्येच म्हणाले, "पोरीला आधीच सांगून ठेवलंय. मध्यरात्री हिला खाणं देशील तर वहीत तुझं नाव पडेल."