राबवायचा चाकू घेताना स्टीलचं नाव सोडा, पाणी कसं दिलंय ते बघा

दादा, प्रश्न वाचला तुमचा. दोन हजारांच्या आत फिक्स्ड ब्लेड चाकू पाहिजे, आंबा-काजूच्या बागेत रोज वापरायला, म्हणजे ठिबकचे पाइप, सुतळी, खताच्या गोणी, बांबू, मध्येच एखादा नारळ, आणि रविवारी ट्रेकला पण तोच न्यायचाय. फोल्डिंगचे दोन झाले, दोन्हींच्या पिना सैल झाल्या. आणि शेवटी विचारलंय की कुठलं स्टील चांगलं.

मी पंधरा एक वर्षं बागेतच आहे आणि या काळात बरेच चाकू घेतले, बनवून घेतले, मोडले पण. म्हणून जरा सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा.

पहिली गोष्ट, तुमच्या यादीत दोन वेगळी कामं आहेत. पाइप, सुतळी, गोणी हे कापणं. बांबू, नारळ, फांदी हे तोडणं. कापायला पातं पातळ लागतं, तोडायला वजन लागतं आणि धारेच्या मागे मांस लागतं. एकाच पात्याकडून दोन्ही करून घ्यायला गेलं की ते जाड होतं, आणि मग साधी सुतळी कापताना पण खेचाखेची करावी लागते. मी हे तीन वर्षं केलं, पाच मिलिमीटर जाडीचा चाकू कमरेला बांधून फिरायचो, वाटायचं दणकट आहे. दणकट होताच, पण संध्याकाळपर्यंत मनगट भरून यायचं आणि पाइपचे तुकडे कधी सरळ कापले जायचे नाहीत, कनेक्टरमध्ये बसवताना गळती. म्हणून सरळ सांगतो, दोन हजारात दोन वस्तू घ्या, एक पातळ चार इंची चाकू आणि एक लोहाराचा कोयता. कोयता घरात असेलच, मग फक्त चाकू घ्या.

आता स्टील. हे नावांचं वेड जरा बाजूला ठेवा. बॉक्सवर "४४०" लिहिलेलं असतं, पण ४४० मध्ये ए, बी, सी असे प्रकार आहेत, तिघांत कार्बन वेगवेगळा, नुसतं ४४० लिहिलं तर काहीच कळत नाही. "हाय कार्बन स्टेनलेस" हे तर कशावरही छापतात. दमास्कसची, म्हणजे लाटालाटांची नक्षी असलेले स्वस्त चाकू येतात त्यात बऱ्याचदा साध्या पात्यावर वरून नक्षी उठवलेली असते. खरं काम असतं पाण्याचं. आपल्याकडे लोहार म्हणतात ना, पातं चांगलंय पण पाणी बसलं नाही, तेच. तेच पोलाद नीट तापवून, नीट थंड करून, परत हलकं तापवलं तर वर्षानुवर्षं चालतं, आणि तिथे चुकलं तर एकतर धार वाकते नाहीतर कपचे उडतात.

हे काम कसं होतं ते एकदा लोहाराकडे बसून बघाच. पातं कोळशात लाल करतात, साधारण ७७० डिग्रीला पोलादाला चुंबक चिकटायचं बंद होतं, त्याच्या थोडं वर नेऊन तेलात बुडवायचं. या क्षणाला पातं काचेसारखं असतं, कडक पण हातातून पडलं तर तुकडे. मग ते घासून चकचकीत करून परत हळू तापवायचं आणि रंगावर नजर ठेवायची. आधी गवती पिवळा येतो, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. चाकूला गवती पिवळ्यावर किंवा फार तर तपकिरीवर थांबायचं, कोयत्याला थोडं पुढे जाऊ द्यायचं कारण त्याला दणके खायचेत. रंगाचा हा खेळ अर्ध्या मिनिटाचा असतो, मी ज्यांच्याकडे करून घेतो ते म्हातारे गृहस्थ त्या वेळी भट्टीवर पत्र्याची सावली करतात कारण उन्हात रंग दिसत नाही. असा माणूस तुमच्या तालुक्यात असेल तर त्याच्याकडेच जा.

त्याला सांगा कमानपाट्याचं करून द्या, म्हणजे ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा. त्यात कार्बन साधारण ०.५ ते ०.६ टक्के असतो, दणका सोसणारं पोलाद. भंगारात मिळतं, फक्त जुन्या पाट्याला बारीक तडे नाहीत ना बघून घ्यायचं. तेलातच थंड करायला सांगा. काही जण फक्त धारेची कड पाण्यात टेकवतात, कोयत्याला जमलेल्या हातानं ते चालतं पण पातळ चाकूला पाण्यात तडा जायची भीती असते. काही लोक पॉवर हॅक्सॉच्या, म्हणजे लोखंड कापायच्या यंत्र-करवतीच्या ब्लेडचे चाकू बनवतात, ते धार खूप दिवस धरतात, कातड्याच्या कामाला, कलमाला उत्तम, पण पिळलं की कटकन मोडतात, म्हणून तुमच्या कामाला ते नको.

माप असं सांगा. पात्याची लांबी चार ते साडेचार इंच, पाठीकडे जाडी अडीच ते तीन मिलिमीटर, त्याहून जास्त नको. मूठ चार बोटं पूर्ण मावतील एवढी, आणि बोट पुढे घसरून धारेवर जाणार नाही असा छोटा उंचवटा. पात्याचं लोखंड मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं असावं आणि दोन पितळी रिव्हेट. लाकूड बाभळीचं किंवा शिसवीचं. कोयत्याला शेंबी, म्हणजे मुठीच्या तोंडाची धातूची कडी, घट्ट आहे का बघा आणि मुठीतून आरपार गेलेलं टोक मागे वाकवलेलं असू द्या, त्यानं मूठ निसटत नाही. माझा शेवटचा चाकू मजुरीसकट साडेचारशे रुपयात झाला होता, तुमच्याकडे भाव वेगळा असेल.

लोहार नसेल मिळत तर तयार चाकू. तिथे माझं उत्तर मोरा, कंपॅनियन मॉडेल. स्वीडनमध्ये दालार्ना भागात मोरा नावाचं गावच आहे, तिथे पिढ्यानपिढ्या चाकू बनतात, आणि तिकडे सुतार, मच्छीमार, बांधकामवाले असे कामाचे लोक ते वापरतात. पातं चार इंचाच्या आसपास, साधारण अडीच मिलिमीटर जाड, स्टेनलेसमध्ये १२सी२७ नावाचं स्टील. नाव सांगितलं कारण इथे पाणी नीट दिलेलं असतं, मी घेतलेल्या तिन्हींत फरक जाणवला नाही. त्याचं आणखी एक सोपं आहे, धारेचा उतार रुंद आणि सपाट असतो, तो दगडावर आडवा टेकवला की कोन आपोआप बसतो, नव्या माणसाला धार लावायला यासारखं दुसरं नाही. इथे आयात होऊन येतो त्यामुळे किंमत तुमच्या बजेटच्या काठावर जाईल, ऑनलाइन भाव वर-खाली होतो, थांबून घ्या. त्याचं पातं मुठीत पूर्ण मागेपर्यंत जात नाही, म्हणून पाठीवर दांडकं मारून गाठीचं लाकूड फोडायचं काम त्याला देऊ नका. जास्त दणका हवा असेल तर त्यातच हेवी ड्युटी म्हणून ३.२ मिलिमीटरचा येतो, पण मग परत जाड पात्याचा तोटा आला.

कार्बन की स्टेनलेस, तर कोकणात पावसाळ्यात कामाचा चाकू स्टेनलेसच. आंब्याचा चीक, काजूच्या बोंडाचा रस, कोकम, यानं कार्बनचं पातं रात्रीत काळं पडतं, पावसात सकाळी लाल. लोहाराचा चाकू कार्बनचाच असणार, त्याला रोज संध्याकाळी पुसून खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं, अर्ध्या मिनिटाचं काम आहे, तेवढं जमणार असेल तरच घ्या. देशावर कोरड्या हवेत एवढा त्रास नाही.

एक चाकू मात्र अजिबात घेऊ नका. पोकळ मूठ, आत काडेपेटी आणि गळ, टोपणात होकायंत्र, पाठीला करवतीचे दाते. मी पण सुरुवातीला तसाच घेतला होता. पहिल्याच पावसाळ्यात बांबू उभा चिरताना पातं मुठीपाशी तुटलं आणि डाव्या तळव्यात शिरलं, चार टाके पडले. आत बघितलं तर पातं मुठीत जेमतेम एक इंच, नुसतं नटानं आवळलेलं. करवतीच्या दात्यांनी लाकूड कापत नाही ते वेगळंच, उलट तिथेच पातं कमजोर होतं.

हातात चाकू आला की दोन गोष्टी करून बघा. चांगली नवी कानस धारेजवळ हलकेच फिरवा, अगदी लोण्यासारखी आत गेली तर पातं मऊ, नुसतीच घसरली तर फार कडक, कपचे उडतील. किंचित चावली पाहिजे. दुसरं, पितळी सळईवर किंवा जुन्या पितळी नळाच्या तुकड्यावर धार थोडी तिरकी टेकवून दाबा, उजेडात धरलं की कड बारीकशी वाकलेली दिसते, हात उचलल्यावर ती सरळ परत आली पाहिजे. वाकलेलीच राहिली किंवा तुकडा उडाला तर लोहाराकडे परत न्या, चांगला लोहार तक्रार न करता पुन्हा पाणी देतो.

धारेसाठी ग्राइंडर नको. दारावर चाकावर धार लावून देणारे येतात, ठिणग्या उडतात, धार निळी पडते, निळी पडली म्हणजे तिथलं पाणी उतरलं, मग तो चाकू दोन दिवसात बोथट. विळे-खुरप्यांना ठीक आहे, चांगल्या चाकूला नाही. दोन बाजूंचा कुरुंदाचा दगड घ्या, एक खरबरीत, एक बारीक, तो भिजवून आठवड्यातून एकदा दहा मिनिटं बसा, नंतर जुन्या पट्ट्याच्या कातड्यावर उलट्या दिशेनं वीसेक वेळा ओढा. पूर्ण बोथट होईपर्यंत थांबलात तर एक तास जातो.

म्यान कातड्याचं छान दिसतं पण ओल धरतं, पावसाळ्यात त्यात ठेवलेला चाकू गंजतोच. मी पीव्हीसी पाइपचं करतो. दोन इंची पाइपचा तुकडा मोकळ्या हवेत दुरून हळूहळू तापवायचा, जळू द्यायचा नाही कारण धूर विषारी असतो, मऊ झाला की पात्याला पुठ्ठ्याचा एक थर गुंडाळून त्यावर दोन फळ्यांमध्ये दाबायचा. खाली पाणी जायला भोक पाडायचं. कोयत्याला आपली कमरेची आकडी आहेच.

कायद्याचं थोडक्यात. ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पातं शस्त्राच्या नियमांत येतं, शेतीच्या आणि घरच्या अवजारांना त्यात सूट आहे. पण शहरांत पोलीस महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली वेळोवेळी हत्यारं बाळगायला बंदी घालतात, त्यामुळे ट्रेकला जाताना चार इंची पण सॅकच्या तळाशी, गुंडाळून. एसटीत, लोकलमध्ये कमरेला लावून बसू नका, कोयता तर घरीच ठेवा.

तुमच्या जवळपास कमानपाट्याचं काम करणारा लोहार आहे का तेवढं आधी विचारून बघा आणि इथे कळवा. असेल तर कागदावर खऱ्या मापाचं चित्र काढून घेऊन जा, पुठ्ठ्याचं कापून नेलंत तर अजून चांगलं, तो ते सरळ पाट्यावर ठेवून खडूनं आखून घेतो.